किडनी प्रत्यारोपणानंतर नसा आणि स्नायूंच्या तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी तर छान चालली आहे, मग हातपाय का कुरकुरतात?

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) उतरलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मुंग्या, थरथर, पेटके यांची जमा 'किरकोळ' खात्यात होते. बहुतेक वेळा त्या किरकोळच असतात. अडचण अशी की वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन तक्रारींची कारणं अगदी वेगळी असू शकतात. एकाची मांडी बधिर होते ती ऑपरेशनच्या टेबलावर नस दबल्यामुळे. दुसऱ्याची पावलं बधिर असतात ती डायलिसिसच्या वर्षांपासूनच, फक्त आता त्यांच्याकडे लक्ष जातं. तिसऱ्याचे हात थरथरतात ते गोळीमुळे.

म्हणून डॉक्टर सगळ्यात आधी 'कधीपासून?' हे विचारतात. शुद्धीवर आल्यापासूनच पाय जड असेल तर संशय शस्त्रक्रियेवर जातो. पहिल्या काही आठवड्यांत थरथर सुरू झाली तर टॅक्रोलिमसवर, म्हणजे शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीवर. दोन-तीन महिन्यांनी जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या तर स्टेरॉइडवर. एखादी नवी गोळी सुरू झाल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत अंग दुखू लागलं तर त्या गोळीवर. तक्रार सुरू झाल्याची तारीख आणि त्याच्या आसपास बदललेली औषधं एवढं लिहून नेलंत, तरी निम्मं निदान होतं.

ऑपरेशननंतर उठून उभा राहिलो तर गुडघाच मोडला. किडनी पोटात बसवली, मग पाय का गेला?

नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, एका बाजूला, कमरेच्या हाडाच्या वाटीत बसवतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताकद देणारी फिमोरल नस तिथूनच, दोन स्नायूंच्या फटीतून जांघेकडे उतरते. रक्तवाहिन्या जोडताना जखम उघडी धरण्यासाठी रिट्रॅक्टर नावाचं धातूचं उपकरण लावलेलं असतं. त्याचं पातं बराच वेळ नसेवर दाबून राहिलं, किंवा त्या वेळात नसेचा रक्तपुरवठा कमी पडला, तर नस तात्पुरती काम थांबवते. अंग बारीक असलेल्यांना आणि मधुमेह्यांना हा धोका थोडा जास्त.

चित्र ठरावीक असतं. पाऊल वर-खाली होतं, बोटं हलतात, पण गुडघा ताठ करून धरता येत नाही. सपाट जमिनीवर कसंबसं चालता येतं आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर गुडघा दगा देतो. मांडीचा पुढचा भाग आणि पोटरीची आतली बाजू घोट्यापर्यंत बधिर. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीनं ठोकतात तेव्हा त्या पायाचा झटका येत नाही किंवा अगदी मंद येतो.

हे पहिल्याच दिवशी सांगा. 'भुलीचा परिणाम असेल' म्हणून अंगावर काढू नका, कारण क्वचित याच जागी रक्त साकळून त्याच्या गोळ्यानं नस दाबली गेलेली असते. जांघेत किंवा कमरेत वाढत जाणारी दुखणी, हिमोग्लोबिनची घसरण आणि पायाची कमजोरी अशी तिकडी दिसली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन होतो.

मग ही नस बरी होते का?

बहुतेकांची होते. नसेचं फक्त वरचं आवरण दुखावलं असेल तर काही आठवड्यांत. आतला तंतू तुटला असेल तर तो नव्यानं वाढावा लागतो. ही वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर असते, म्हणजे जांघेपासून मांडीच्या स्नायूपर्यंत पोचायलाच काही महिने लागतात. ताकद आधी येते, बधिरपणा मागे रेंगाळतो. मधल्या काळात मुख्य धोका पडण्याचा. स्टेरॉइडमुळे हाडं आधीच नाजूक असतात. गुडघ्याला पट्टा किंवा ब्रेस, हातात काठी, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि फिजिओथेरपी, एवढ्यावर बहुतेक लोक हा काळ निभावून नेतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तरुण रुग्ण काठी घ्यायला का-कू करतात आणि मग मनगट मोडून घेतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझी ताकद शाबूत आहे, फक्त मांडीची बाहेरची बाजू बधिर आहे आणि कपडा लागला तरी भगभगतं.

ही वेगळी नस, निव्वळ त्वचेच्या संवेदनेची. तिच्यामुळे पाय लुळा पडत नाही. घट्ट पट्टा टाळा, पोटाचा घेर वाढू देऊ नका. बहुधा आपोआप कमी होतं.

हात थरथरतात. कपात चहा ओतता येत नाही, सही बदलली. हे कायमचं आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. टॅक्रोलिमस घेणाऱ्यांमध्ये थरथर अगदी नेहमीची. सायक्लोस्पोरिन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधानेही येते, पण त्या मानानं कमी. ही बारीक, वेगवान थरथर असते. हात मांडीवर निवांत असताना दिसत नाही, पुढे ताणून धरला किंवा चमचा तोंडाशी नेला की दिसते. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातलं औषध शिखरावर असतं, तेव्हा ती वाढते. तुमचीही थरथर घड्याळाप्रमाणे वर-खाली होत असेल तर आठवडाभर वेळा टिपून ठेवा. त्या नोंदीचा डॉक्टरांना रक्ताच्या रिपोर्टइतकाच उपयोग होतो.

पहिल्या महिन्यांत शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून औषधाची पातळी मुद्दाम चढी ठेवतात. पुढे डोस उतरतो, तशी बहुतेकांची थरथरही उतरते. तरी त्रास राहिला तर डॉक्टरांकडे पर्याय आहेत. दिवसातून एकदा घ्यायची, हळूहळू विरघळणारी टॅक्रोलिमसची गोळी शिखर बुटकं करते आणि काहींना त्यानं चांगला फरक पडतो. मॅग्नेशियम कमी असेल तर ते भरून काढतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालते, मात्र दमा असेल तर नाही. क्वचित औषधच बदलतात.

स्वतःहून गोळी कमी करणं हा पर्याय नाही. थरथर सोसवते, गेलेली किडनी परत येत नाही.

लेव्हल तर बरोबर आली. तरी हात का थरथरतात?

लेव्हल म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधीची, तळाची पातळी. तिच्यावरून शिखर किती उंच होतं ते कळत नाही. तळ सारखाच असलेल्या दोघांपैकी एकाचं शिखर दुप्पटही असू शकतं. उलटा घोळही होतो. रक्त देण्याआधी सवयीनं गोळी घेतली की लेव्हल खोटी चढी येते आणि डोस उगाच कमी केला जातो. गोळी खिशात ठेवून जा, रक्त दिल्यावर घ्या.

लेव्हल खरोखर वाढण्याची कारणंही माहीत असू द्या. जुलाब हे त्यातलं सगळ्यात फसवं. जुलाबात औषध वाहून जाईल असं कुणालाही वाटेल, पण टॅक्रोलिमसच्या बाबतीत पातळी उलट वाढते, कारण एरवी आतड्याची भिंत जे औषध वाटेतच मोडून टाकते ते मोडण्याचं काम मंदावतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, फ्लुकोनॅझोलच्या कुळातली बुरशीवरची औषधं, डिल्टियाझेम आणि ग्रेपफ्रूट हे फळ, यांनीही लेव्हल चढते. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचं औषध आणि फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही फिटची औषधं ती पाडतात. बरी असलेली थरथर अचानक वाढली, तर गेल्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी काय लिहून दिलं होतं ते आधी बघा.

थरथरीबरोबर डोकं फार दुखतं आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसतं.

वाचत बसू नका, दवाखान्यात जा. रक्तदाब चढलेला असताना टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनमुळे मेंदूच्या मागच्या भागाला सूज येऊ शकते. तीव्र डोकेदुखी, दृष्टीत बिघाड, गोंधळल्यासारखं होणं आणि फिट ही तिची लक्षणं. एमआरआयमध्ये ती दिसते. रक्तदाब वेळेत आटोक्यात आणून औषध बदललं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

डायलिसिसच्या काळात पायांची आग व्हायची, रात्री पाय स्वस्थ राहायचे नाहीत. नव्या किडनीनं ते जाईल का?

रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं बहुधा लवकर जातं, काहींचं अगदी थोड्या दिवसांत. राहिलंच, तर रक्तातलं लोह तपासून घ्या. पावलांची आग आणि बधिरपणा ही गोष्ट जरा लांबणीची आहे. साचलेल्या विषद्रव्यांनी सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, दोन्ही बाजूंना सारखी. किडनी चालू लागल्यावर सौम्य बिघाड काही महिन्यांत चांगला सुधारतो. फार जुना आणि पायाची ताकद घेऊन गेलेला बिघाड अर्धवटच भरून निघतो. मधुमेहही असेल तर नसांवर दोन ओझी होती आणि त्यातलं एकच उतरलं, हे लक्षात घ्यायला हवं.

मनगटात दबलेली नस मात्र नव्या किडनीची वाट पाहत नाही. बरीच वर्षं डायलिसिस झालेल्यांच्या मनगटात एक प्रथिन साठून जागा अरुंद होते आणि अंगठा व शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येतात. साठा पुढे वाढायचा थांबतो, आधीचा सहसा निघून जात नाही. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होऊ लागला असेल तर छोटी शस्त्रक्रिया लांबवू नका. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) असलेलाच हात गार पडत असेल, डायलिसिस नसतानाही बोटं दुखत असतील, तर फिस्टुला हाताचं रक्त पळवतोय का हे पाहावं लागतं. आता त्याची गरज नसेल तर तो बंद करण्याचा विचार होऊ शकतो.

दुखत काहीच नाही, पण खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही.

न दुखणारी कमजोरी, तीही मांड्या आणि खुब्याजवळची, ही स्टेरॉइडची खास खूण आहे. रोज ४० मि.ग्रॅ.च्या आसपास किंवा जास्त प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) काही आठवडे घेतलं, किंवा रिजेक्शनसाठी, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागल्यावर, शिरेतून मोठे डोस मिळाले, की ही शक्यता वाढते. रोजच्या ५ मि.ग्रॅ.वर ती बरीच कमी असते. जमिनीवर बसलेला माणूस गुडघ्यांवर हात देत देत उठतो, केस विंचरताना हात वर धरवत नाही, पण मूठ घट्ट असते आणि बाटलीचं झाकण सहज उघडतं.

घरी करून बघण्याजोगी एक साधी चाचणी आहे. हात छातीवर दुमडा आणि साध्या खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. किती सेकंद लागले ते लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा. सेकंद वाढत असतील तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण या आजारात रक्ताचा सीपीके (स्नायू दुखावले की वाढणारा घटक) आणि स्नायूंची ईएमजी (सुई टोचून करायची विद्युत) तपासणी बऱ्याचदा नॉर्मल येतात. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचं असेल' असं ऐकून घरी परतलेले रुग्ण यातलेच.

इथे आणखी एक फसगत आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. मांड्या वाळल्या की क्रिएटिनिन कमी दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटते. हातपाय बारीक झालेल्या रुग्णाचा छान आकडा जरा जपूनच वाचावा.

स्टेरॉइड कमी झाल्यावर काही आठवडे ते काही महिन्यांत ताकद परत येते. ते किती कमी करायचं, हे प्रत्यारोपणाची टीमच ठरवते. एकदम बंद केलं तर किडनीबरोबर जीवही धोक्यात येतो, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर बनेनासं झालेलं असतं.

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मॅग्नेशियमची गोळी दुकानातून आणून घेऊ का?

अंदाज चुकीचा नाही, पण आधी रक्त तपासा. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनमुळे मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. पहिल्या काही महिन्यांत फॉस्फेटही घसरतं. डायलिसिसच्या काळात चढलेली पॅराथायरॉइडसारखी संप्रेरकं अजून उतरलेली नसतात आणि नवी किडनी त्यांचं ऐकून फॉस्फेट बाहेर टाकत राहते. फार खाली गेलं तर स्नायू गळून जातात. पोटॅशियम दोन्हीकडे जाऊ शकतं. टॅक्रोलिमस आणि कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक ते वाढवतात, लघवीच्या गोळ्या बऱ्याचदा कमी करतात. वाढलेलं पोटॅशियम हृदयाला घातक असतं, म्हणून अचानक आलेली सर्वांगाची कमजोरी ही त्याच दिवशी तपासायची गोष्ट.

मॅग्नेशियम सुरू झालंच तर ते मायकोफेनोलेटच्या (किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घ्यायच्या आणखी एका) गोळीपासून किमान दोन तास लांब ठेवा. एकत्र घेतल्यास मायकोफेनोलेट नीट शोषलं जात नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी आणि गाऊटची गोळी. या दोन्हींबद्दल इतकी भीती का घालतात?

इथे भीती रास्त आहे. सायक्लोस्पोरिन यकृतात स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीची, वाट अडवतं. रक्तातलं स्टॅटिन कित्येक पटींनी वाढतं आणि स्नायू अक्षरशः विरघळू लागतात. अंग ठेचल्यासारखं दुखतं, लघवी गडद तपकिरी होते, आणि स्नायूंतलं प्रथिन किडनीत अडकून ती बंद पाडू शकतं. म्हणून सिम्व्हास्टॅटिन सायक्लोस्पोरिनबरोबर देतच नाहीत. फ्लुव्हास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन कमी डोसमध्ये चालतात. टॅक्रोलिमसची ही आडकाठी बरीच सौम्य आहे. पण याचा अर्थ 'स्टॅटिन नकोच' असा नाही. प्रत्यारोपण झालेल्यांना हृदयविकाराचा धोका मोठा असतो आणि गोळी बहुतेकांना मानवते.

गाऊटवरचं कोल्चिसिन जास्त कपटी. पायाच्या अंगठ्याचा गाऊट (सांध्यात युरिक आम्ल साठून येणारं दुखणं) सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत नेहमीचा, आणि त्यावर साध्या दवाखान्यात कोल्चिसिन सहज लिहून दिलं जातं. सायक्लोस्पोरिन त्याला शरीराबाहेर पडू देत नाही, किडनीची ताकदही पूर्ण नसते, आणि औषध स्नायूंत व नसांत साठत जातं. काही दिवस ते काही आठवड्यांत मांड्या लुळ्या पडतात, पायांना मुंग्या येतात, सीपीके चढतो. बऱ्याचदा आधी जुलाब होतात. औषध बंद केल्यावर हळूहळू सुधारतं. गाऊट कायमचा आवरण्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल द्यायचं ठरलं आणि तुम्ही अ‍ॅझाथायोप्रिन (हीही किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनची गोळी) घेत असाल, तर तेही आधी सांगा. ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते.

दोन्ही पावलं ठणकतात, पाय वर ठेवले की बरं वाटतं. हे नसांचं की हाडांचं?

दोन्ही बाजूंना सारखं, पावलं-घोटे-गुडघ्यांत, उभं राहिल्यावर वाढणारं आणि पाय उंच ठेवल्यावर उतरणारं दुखणं टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनमुळे असू शकतं. हाडांच्या आत सूज येते, एमआरआयमध्ये ती दिसते, लेव्हल खाली आणल्यावर आणि काहींना रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्यांनी आराम पडतो. एकाच बाजूच्या जांघेत, चालताना दुखत असेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला नाही ना, हे पाहायला हवं. स्टेरॉइडनं तसं होतं. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येतो, एमआरआय लागतो.

आधी मधुमेह नव्हता. आता साखर वाढली आणि पावलांना मुंग्याही येतात.

स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्ही साखर वाढवतात. मुंग्यांचा दोष मात्र लगेच साखरेवर टाकू नका. साखरेसाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर बी-१२ तपासा. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) मिळतंय का बघा. लिनेझोलिड हे प्रतिजैविक लांबलं की तेही नसा बिघडवतं.

पाय आधी, मग हात, असे दोन-तीन दिवसांत लुळे पडत चालले आहेत.

हा गिलन-बारे असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार, आणि श्वासाचे स्नायू त्यात अडकू शकतात. रुग्णालय, त्याच दिवशी. प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही विषाणूच्या पाठोपाठ हे होऊ शकतं. उपचार असतात : इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलणं. साखर मिसळलेलं इम्युनोग्लोब्युलिन किडनीला त्रासदायक ठरतं, म्हणून प्रत्यारोपण झाल्याचं दारातच सांगा.

नागीण हा त्याहून कितीतरी नेहमीचा पाहुणा. एका बाजूच्या पट्ट्यात आग, मग पुरळ. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं बरं, पण उशीर झाला म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांचं औषध टाळत नाहीत. जिवंत विषाणूची लस या रुग्णांना देत नाहीत. नागिणीची नवी, निर्जीव लस देता येते.

नसांची तपासणी फार दुखते म्हणतात. किडनीला धोका आहे का?

किडनीला काहीही धोका नाही, यात स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात तसा डाय लागत नाही. विजेचे छोटे झटके बसतात आणि बारीक सुई स्नायूत टोचतात. चुणचुणतं, सोसवतं. फिस्टुलाचा हात कोणता आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ते आधी सांगा. नस दुखावल्यानंतर लगेच केलेली तपासणी अर्धवट माहिती देते. पूर्ण बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात.

दुखण्यावर घरात काय ठेवू?

पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. नसांच्या आगीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन चांगलं काम करतं, पण ते किडनीवाटेच बाहेर जातं. डोस किडनीच्या ताकदीप्रमाणे बेतला नाही तर माणूस दिवसभर पेंगतो, बरळतो, हातापायांना झटके येतात. शेजाऱ्याची गोळी 'एक घेऊन बघतो' असं इथे करू नये.

व्यायाम कधीपासून आणि किती?

चालणं रुग्णालयातच सुरू होतं. जड वजन साधारण सहा ते आठ आठवडे नाही, टाक्यांसाठी. त्यानंतर ताकदीचा व्यायाम हवाच, कारण नुसत्या चालण्यानं स्टेरॉइडनं खाल्लेल्या मांड्या भरत नाहीत. खुर्चीतून उठ-बस, भिंतीला पाठ टेकून थोडं खाली बसणं, रबरी पट्टा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे विश्रांती. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन चालू असेल तेवढे दिवस आणि पुढेही काही आठवडे उड्या आणि धावणं टाळा. स्टेरॉइडच्या जोडीला ही प्रतिजैविकं आली की टाचेमागचा कंडरा तुटू शकतो. तिथे दुखू लागलं तर त्याच दिवशी व्यायाम थांबवून फोन करा.